दारू सोडून माणूस घरी येतोय: पिणाऱ्या घराने आधी काय करायचं

माझा दादा पहिल्यांदा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला तो शनिवार होता. अण्णा, म्हणजे आमचे वडील, नेहमीसारखे सात वाजता माडीवरच्या खोलीत जाऊन बसले. दार लोटलेलं, टीव्हीचा आवाज बारीक. दादासमोर बाटली आणायची नाही, एवढं सगळ्यांनी पाळलं होतं. खाली दादा जेवत होता. वरून सोड्याची बाटली उघडल्याचा आवाज आला, फस्स. दादाने कडक भाकरीचा तुकडा शेंगाचटणीला लावला होता, तो तसाच बोटांत राहिला. थोड्या वेळाने त्याने घास घेतला, जेवण पुरं केलं, ताट उचललं. अकराव्या दिवशी तो पिऊन आला.

त्या वेळी आम्ही सगळे म्हणालो, याच्यात दमच नाही. मीही म्हणालो, आणि मी स्वतः शनिवारी अण्णांबरोबर बसणारा होतो. दुसऱ्या वेळीही तेच झालं. तिसऱ्या वेळी आम्ही दादा यायच्या आधी घर बदललं. त्याला आता सहा वर्षं होतील.

आता सोलापूरच्या पूर्व भागातून, होटगी रोडच्या बाजूने, कधी मोहोळ-बार्शीहून लोक विचारायला येतात. जवळजवळ प्रत्येक घराची चूक एकच असते. सगळी तयारी पेशंटची होते, घराची होत नाही. केंद्रातला माणूस महिना-दीड महिना रोज शिकत असतो, आणि परत येतो त्याच माडीखाली, त्याच वासात. म्हणून खाली दिलेल्या कामांचा क्रम बदलू नका. पहिली तीन कामं तो घरी यायच्या आत झालेली असली पाहिजेत.

आधी एक इशारा. हा लेख उपचार घेऊन, अंगातली दारू उतरवून परत येणाऱ्या माणसाच्या घरच्यांसाठी आहे. जो आजही रोज भरपूर पितो, त्याची दारू घरात कोंडून एकदम बंद करू नका. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हातापायाला कंप, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो. हे जिवावर बेतू शकतं. असं काही दिसलं तर १०८ ला फोन करा आणि सिव्हिलला न्या. लिंबूपाणी, ताक, अंगारा यात वेळ घालवू नका.

## टप्पा १: घरातल्या पिण्याची वही (यायच्या १५ दिवस आधी)

एक साधी शंभर पानी वही घ्या. पाच रकाने आखा: कोण, काय, किती, कुठे बसून, कोणत्या दिवशी. घरात न पिणाऱ्या माणसाने ती लिहावी, पण पिणाऱ्यांना समोर बसवून. पाठीमागे लिहिलेल्या वहीवर पुढे भांडणं होतात.

यात घरच्यांबरोबर येणारे-जाणारेही धरा. दर रविवारी येणारे मामा, रात्री गाडी लावायला येणारा शेजारी, पुण्याहून सणाला येणारा चुलतभाऊ. आणि ‘औषध’ म्हणून असलेली दारू सोडू नका. बाळंतिणीसाठी आणलेली ब्रँडी, पोराच्या छातीला चोळायची रम, मटणात घालायला ठेवलेली वाईन, सगळं लिहा.

आमच्या वहीत अण्णा, मी आणि मामा अशी तीन नावं आली. चौथं आईने स्वतः सांगितलं. ज्वारीच्या डब्यात, ज्वारीच्या आत खुपसून ठेवलेली ब्रँडीची पाव बाटली. गुडघे ठणकले की झोपताना झाकणभर. आई सांगताना पदराचं टोक पिळत होती. तिला कोणी काही बोललं नाही, हे आम्ही बरं केलं. तुमच्याकडेही असं एखादं नाव निघेल. त्या वेळी शांत बसा आणि लिहा.

‘किती’ या रकान्यात लोक हमखास चुकतात. ‘मी फक्त बिअर घेतो’ असं सांगणारे घरोघरी आहेत. हिशेब करून दाखवा. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. ६० मिली व्हिस्कीच्या पेगात साधारण २६ मिली असतं. म्हणजे एक बाटली बिअर दोन मोठ्या पेगांइतकी.

ही वही कशासाठी? एक तर पुढच्या बैठकीत हवेत बोलायला नको म्हणून. दुसरं, व्यसन लागण्याच्या धोक्यात साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो असं संशोधन सांगतं. दादाच्या नावासमोर अण्णांचं, अण्णांच्या आधी आजोबांचं नाव आलं तेव्हा ‘याच्यात दमच नाही’ हे वाक्य आमच्या घरात बंद झालं.

तपासा: वहीत कुठेही ‘कधीतरी’, ‘थोडीशी’, ‘कंपनीपुरती’ हे शब्द असतील तर ते पान पुन्हा लिहा. दिवस आणि माप आलंच पाहिजे.

## टप्पा २: पिणाऱ्यांची बैठक (यायच्या १० दिवस आधी)

हे सगळ्यांत अवघड काम आहे आणि बहुतेक घरं नेमकं हेच टाळतात. वडिलांना कसं सांगायचं, थोरल्या दिराला कसं बोलायचं, म्हणून विषय निघत नाही. मग माणूस घरी येतो आणि माडीवरचं दार लोटलेलं असतं.

वेळ सकाळची घ्या, चहा झाल्यावर. संध्याकाळी नको, पगाराच्या दिवशी तर मुळीच नको. ज्याचा शब्द घरात चालतो त्याने बोलावं. आमच्याकडे आत्याने बोलायला सुरुवात केली, कारण अण्णा तिच्यापुढे आवाज चढवत नाहीत. तीन मागण्या ठेवा, याच क्रमाने:

१. घरात दारू येणार नाही आणि ठेवली जाणार नाही. माडी, गच्ची, गाडीची डिकी, मागची मोरी, सगळं घरातच धरायचं.

२. पिऊन घरात यायचं नाही. बाहेर घेतलीच तर ती रात्र दुसरीकडे झोपायचं. कुठे झोपायचं ते आत्ताच ठरवून ठेवायचं.

३. त्याच्यासमोर दारूचा विषय, जुने किस्से, ‘आमच्या वेळी एक खंबा दोघांत’ हे बोलणं बंद.

मुदत किमान एक वर्ष. वहीत तारीख घाला. ‘तो बरा होईपर्यंत’ अशी मोघम मुदत दोन महिन्यांत विसरली जाते.

बोलायचं कसं? आरोप न करता, मागणी करून. आत्या एवढंच म्हणाली, “अण्णा, तू वाईट आहेस असं कोणी म्हणत नाही. पण पोरगं तुझ्या खोलीखाली झोपणार आहे. वर्षभर मला हे दे.” दिलेलं मान्य करायला माणसाला सोपं जातं, काढून घेतलेलं जात नाही.

यावर नेहमी येणारी तीन उत्तरं असतात.

‘बाहेर तर पावलोपावली दुकानं आहेत, घरात बंद करून काय होणार?’ बाहेर तो सावध असतो. दुकान दिसलं की रस्ता बदलायचा हे त्याला शिकवलेलं असतं. घरात चप्पल काढली की सावधपणाही उतरतो. त्या क्षणी ग्लासाचा आवाज आला तर त्याच्या हातात काही राहत नाही.

‘मी कंट्रोलमध्ये पितो. श्रावण पाळतोच की नाही दरवर्षी?’ श्रावण पाळणाऱ्याचं लक्ष शेवटच्या दिवसावर असतं. ज्याला आजार झालाय त्याला तसा शेवटचा दिवस नसतो. हे समजावताना वाद वाढवू नका. ‘मग या वर्षी श्रावण बारा महिन्यांचा करा’ एवढं म्हणा आणि थांबा.

‘त्याच्यामुळे मी का सोडू?’ याला समजूत घालणारं उत्तर नाही. सरळ विचारा: घरात कोणाला साखर झाली तर जिलेबीचं ताट त्याच्या पुढ्यात ठेवून खाता का?

सावध: बैठकीत कबूल केलेल्या माणसालाच जमेना असं होतं. अण्णांनी शब्द दिला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या हातातला चहाचा कप बशीवर वाजायला लागला. घाम, चिडचिड, रात्रभर जाग. म्हणजे घरात पेशंट दोन होते आणि वीस वर्षं आम्ही एकच मोजत होतो. असं दिसलं तर शब्द मोडला म्हणून ओरडू नका. त्यांना मनोविकार विभागात दाखवा. सोलापुरात सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, हा विभाग आहे. वर दिलेला इशारा त्यांनाही लागू आहे.

कोणी ठाम नकार दिला तर? मग परत येणाऱ्याला त्या घरात आणू नका. बहिणीकडे, सासुरवाडीला, भाड्याच्या एका खोलीत, जिथे कोणी पीत नाही तिथे पहिले सहा महिने काढू द्या. लोक काय म्हणतील याचा विचार नंतर. आणि घरात मारहाण होत असेल तर हे सगळे टप्पे बाजूला ठेवा. आधी बाई आणि पोरं सुरक्षित जागी गेली पाहिजेत. महिलांसाठी १८१ आणि पोलिसांसाठी ११२ हे नंबर पाठ ठेवा.

तपासा: तो यायच्या आधी सलग सात दिवस घरात थेंब आला नाही ना? आला असेल तर केंद्राला सांगून मुक्काम आठवडाभर वाढवता येईल का ते विचारा.

## टप्पा ३: घर रिकामं करणं (यायच्या ३ दिवस आधी)

बाटल्या तर जातीलच, भरलेल्या आणि रिकाम्याही. रिकाम्या बाटलीत पाणी भरून फ्रिजमध्ये ठेवायची सवय असते, त्याही काढा. मग ग्लास. जे ग्लास ‘त्यासाठी’च वापरात होते ते घरातून बाहेर. बर्फाचा ट्रे, बाटली उघडायचं ओपनर, शोकेसमध्ये शोभेला ठेवलेली परदेशी बाटलीची खोकी, सगळं. चकल्या-फरसाण खायला हरकत नाही. पण कांदा-लिंबू मारलेले मसाला शेंगदाणे स्टीलच्या वाटीत, संध्याकाळी सात वाजता, हे काही महिने नको. मेंदू वाटीवरून ग्लास ओळखतो.

त्याने स्वतः लपवलेल्या जागाही बघा: पाण्याच्या टाकीमागे, कुलरमध्ये, स्कूटरच्या सीटखाली, कारखान्यात सुताच्या कोनांच्या पोत्यात. सगळ्या तुम्हाला सापडणार नाहीत. म्हणून तो आला की पहिल्याच दिवशी त्याला विचारा, “अजून कुठे असेल तर सांग, मी काढतो.” सांगितल्यावर एक शब्दही बोलायचा नाही.

मग औषधांचा डबा. इथे शिकलेली माणसंही चुकतात. द्राक्षासव, अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट अशा आसव-अरिष्टांत आंबवण्याने तयार झालेलं अल्कोहोल असतं, साधारण ५ ते १० टक्के. काही खोकल्याच्या औषधांत असतं. होमिओपॅथीच्या थेंबांत असतं. काही माउथवॉशमध्ये असतं. सॅनिटायझर तर बहुतेक अल्कोहोलच. ही यादी करून डॉक्टरांना दाखवा, बदली औषध मागा. आणि ‘बिनअल्कोहोलची बिअर’ आणून लाड करू नका. चव, फेस, बाटली सगळं तेच असतं.

तपासा: रात्री सात ते नऊ या वेळात घरात बसून बघा. कान उघडे ठेवा, वास घ्या. जुनं काही ऐकू आलं, दिसलं, नाकाला लागलं तर ते काढा.

## टप्पा ४: येण्याचा दिवस आणि पहिला आठवडा

आणायला दोघांनी जा. त्यातला एक न पिणारा हवा. निघण्याआधी केंद्रातल्या समुपदेशकाबरोबर अर्धा तास मागून घ्या. आमच्या पहिल्या वेळी गोळ्यांची पिशवी हातात दिली, सही घेतली आणि गेट उघडलं. घरच्यांशी कोणी एक वाक्य बोललं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. तुम्ही विचारा: कोणती गोळी, किती दिवस, कोणासमोर घ्यायची, पुन्हा कधी यायचं, कोणती लक्षणं दिसली तर फोन करायचा. वहीत लिहून घ्या.

घरी येताना नेहमीचा रस्ता टाळा. दादाला सात रस्ता चौकातून घरी येताना दोन परिचित दुकानं लागायची. आम्ही लांबून आणलं.

मिरवणूक, हार, नातेवाइकांची रांग काही नको. ‘शपथ घे आता सगळ्यांसमोर’ हा प्रकार तर नकोच. साधं जेवण, लवकर झोप. पहिले काही आठवडे झोप तुटक येते, गोड खावंसं वाटतं, लहानसहान गोष्टींवरून भडका उडतो. मेंदू सावरतोय. लाडू द्या, वाद सोडा.

दुसऱ्या दिवसापासून त्याला एक ठरलेलं काम द्या. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. पाणी भरायची जबाबदारी आम्ही दादाकडे दिली. वेळेवर उठायचं कारण मिळालं, आणि घरात आपल्यावाचून काहीतरी अडतं हे त्याला दिसलं. ‘तू आराम कर’ म्हणत खाटेवर बसवून ठेवलेला माणूस दुपारी तीनला काय विचार करतो, ते त्यालाच विचारा.

सावध: तोंड हुंगणं, खिसे तपासणं, बाथरूमबाहेर उभं राहणं बंद करा. शंका आली तर सरळ विचारा. चोरून तपासलं की चोरून पिण्याची जुनी खेळी पुन्हा सुरू होते.

## टप्पा ५: गोळी, आणि चहातून देण्याची घोडचूक

डायसल्फिराम नावाची गोळी काहींना दिली जाते. ती घेऊन दारू प्यायली तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, धाप लागते, रक्तदाब खाली येतो. हृदय किंवा लिव्हर आधीच बिघडलेलं असेल तर जीवही जाऊ शकतो. म्हणून ती घेणाऱ्याला माहीत असलीच पाहिजे, त्याची संमती असलीच पाहिजे, आणि शेवटची दारू पिऊन किमान १२ तास झालेले असले पाहिजेत.

आपल्याकडे काय होतं? ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती वाचून बायका-आया ही पूड चहात, भाजीत घालतात. एक मावशी माझ्याकडे आल्या होत्या, विड्या वळून घर चालवणाऱ्या. त्यांनी आठ दिवस आमटीतून पूड दिली होती. नवरा बाहेर प्यायला आणि रस्त्यातच कोसळला. वाचला. पण त्या दिवसापासून तो बायकोच्या हातचं खात नाही. त्यांची तळमळ खरी होती, म्हणून सांगतो: कितीही जीव तुटला तरी हे करू नका. पुडीत काय असतं तेही तुम्हाला माहीत नसतं.

गोळी सुरू असेल तर सकाळी ठरलेल्या वेळी, घरातल्या एका माणसासमोर, दोघांनी ठरवून. त्या माणसाने ‘घेतलीस का?’ असं दिवसभर विचारायचं नाही. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम साधारण दोन आठवडे राहतो. ‘काल सोडली, आज चालेल’ हा हिशेब चुकीचा आहे. टप्पा ३ मधली आसवं, खोकल्याची औषधंही या काळात त्रास देऊ शकतात. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी दुसरी गोळी असेल आणि दातदुखीला, ऑपरेशनला वेदनाशामक घ्यायची वेळ आली तर डॉक्टरांना आधी सांगा. त्या गोळीवर काही वेदनाशामकं काम करत नाहीत.

## टप्पा ६: पहिले ९० दिवस

तलफ लाटेसारखी येते. बहुतेक वेळा १५ ते ३० मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ निभावायचं साधन घरात तयार हवं. चार गोष्टी आधी बघा: भूक, राग, एकटेपणा, थकवा. यातलं एक तरी बहुधा सापडतं. भूक असेल तर लगेच खायला द्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाचवी गोष्ट धरा, तहान. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो आणि घशाची कोरड थंड बिअरची आठवण काढते. मठ्ठा, ताक, सरबत दुपारी बारापासूनच फ्रिजमध्ये तयार ठेवा.

संध्याकाळचे सहा ते नऊ हे तास भरून काढायचे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस हा दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेला गट. त्याच्या सभा फुकट असतात आणि नाव-गाव विचारत नाहीत. पहिले ९० दिवस जितक्या जमतील तितक्या सभा. घरच्यांसाठी अल-ॲनॉन वेगळं असतं. जवळ काय आहे ते १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारा. मन फारच खचलं, रात्री जीव घाबरा झाला तर टेलिमानस १४४१६. सभेला नेऊन सोडायचं, तासाभराने आणायचं, ‘आज काय बोललास?’ विचारायचं नाही.

पैशाचं ठरवून घ्या. आठवड्याचा पगार हातात पडतो ती संध्याकाळ सगळ्यांत धोक्याची. पहिले तीन महिने पगार थेट बँकेत, किंवा कारखान्यावरून घरातलं कोणी बरोबर. पण हे त्याच्या सांगण्यावरून झालं पाहिजे. न विचारता मालकाकडे जाऊन ‘याच्या हातात देऊ नका’ असं सांगितलंत तर त्याची मान कायमची खाली जाते. चहापाण्याला रोजचे ठरलेले पैसे मात्र हवेत. जुन्या उधाऱ्या लिहून काढा आणि दुकानाची उधारी घरच्या दुसऱ्या माणसाने जाऊन मिटवा, त्याला त्या काउंटरवर पाठवू नका.

आता माळेविषयी. पंढरपूर जवळ असल्याने आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो ‘माळ घाल’. माळेमुळे सुटलेली माणसं मी पाहिली आहेत. दिंडी, हरिपाठ, रोजची चार माणसं, यात मोठं बळ आहे. चूक दोन ठिकाणी होते. माळ घातली म्हणून गोळी आणि सभा बंद करतात. आणि घरचे जबरदस्तीने घालतात. मग कधी पाय घसरला तर तो माणूस माळ काढून खिशात ठेवतो आणि आठ-आठ दिवस तोंड दाखवत नाही, कारण आता पापही लागलं. त्याला स्वतःहून घालायची असेल तर जरूर घालू द्या, उपचार चालू ठेवून.

तपासा: दर रविवारी सकाळी दहा मिनिटं, वही उघडून: सभा किती झाल्या, गोळी चुकली का, झोप कशी आहे, घरात नियम कोणी मोडला का. शेवटचा प्रश्न त्यानेच इतरांना विचारायचा.

## टप्पा ७: आखाड, हुरडा, गड्डा, लग्न

वर्षाचं कॅलेंडर घेऊन धोक्याच्या तारखांवर आधीच गोल करा. आषाढातला आखाड, गटारी अमावस्या, गणपती विसर्जनाची रात्र, पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतच्या ओळीने येणाऱ्या सुट्ट्या, थंडीतला हुरडा, संक्रांतीच्या आगेमागे सिद्धेश्वराची यात्रा म्हणजे गड्डा, ३१ डिसेंबर, आणि भावकीतली हळद.

हुरड्याला जायचंच असेल तर सकाळी, बायकापोरांसह, आणि चार वाजता परत. गूळ-दह्यात माखलेली कोवळी ज्वारी अकरा वाजताही तितकीच गोड लागते. शेतात अंधार पडल्यावर पार्टीचं रूप बदलतं. होम मैदानावरचा गड्डा कुटुंबाबरोबर बघायचा, जुन्या मित्रांबरोबर नाही. नंदीध्वजाच्या मिरवणुकीत काठीला हात लावायची त्याची इच्छा असेल तर बरोबर एक माणूस शेवटपर्यंत ठेवा आणि निघायची वेळ आधी ठरवा.

लग्नात तीन गोष्टी: स्वतःची गाडी, हातात सतत भरलेला सरबताचा ग्लास, आणि नकाराचं एकच वाक्य. “डॉक्टरांनी बंद केलंय.” कारणं देत बसला की लोक आग्रह वाढवतात. हळदीच्या रात्री पहिलं वर्ष जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. भावकी रुसेल. रुसू द्या.

## टप्पा ८: पाय घसरला तर

हे बऱ्याच घरांत एकदा तरी होतं. काय करायचं ते आधीच ठरवा, कारण त्या रात्री डोकं चालत नाही.

पिऊन आलेल्या माणसाशी बोलू नका. कुशीवर झोपवा, उताणा नाही. उलटी श्वासात अडकून माणसं दगावतात. हाक मारून जागा होत नसेल, श्वास मंद किंवा अडखळत असेल, अंग गार पडलं असेल तर १०८. महिनोन्महिने बंद असल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते. पूर्वी पचणारी मात्रा आता विषासारखी होऊ शकते. तो डायसल्फिरामवर असेल तर थांबून बघू नका, लगेच दवाखाना.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहानंतर, तीन प्रश्न: केव्हा सुरू झालं, आधी काय घडलं होतं, आज सभेला कोणाबरोबर जायचं. एकदाच पिऊन थांबला असेल तर त्याच दिवशी समुपदेशकाला फोन. तीन-चार दिवस ओळीने प्यायला असेल तर पुन्हा घरी बंद करायचा प्रयोग नको. प्रत्येक वेळी दारू उतरतानाचा त्रास वाढू शकतो. गल्लीतल्या दवाखान्यात नुसती ग्लुकोजची बाटली लावून आणतात, तेही टाळा. अशा माणसाच्या अंगात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, संपलेलं असू शकतं. ते न देता ग्लुकोज चढवल्याने मेंदूला इजा होऊ शकते. मोठ्या दवाखान्यात न्या आणि दारूचा इतिहास लपवू नका.

‘पोटात दुखतंय’ असं मालकाला फोन करून सांगायचं नाही. त्याने फोडलेलं, ओकलेलं त्यानेच साफ करायचं. पोरांशी मात्र खोटं नको. “बाबांचा आजार पुन्हा उलटलाय, दवाखान्यात नेतोय, तुझ्यामुळे झालेलं नाही.” हे तिसरं वाक्य विसरू नका. पोरं मनात स्वतःला दोष देत असतात.

आणि वही पुन्हा उघडा. त्या आठवड्यात घरातला कोणता नियम मोडला होता, ते आधी बघा.

## टप्पा ९: वर्ष झाल्यावर

ठरलेल्या तारखेला बैठक पुन्हा. आता तोही बसेल. घरात दारू पुन्हा आणायची का, हा प्रश्न त्याच्यावर ढकलू नका. तो भिडेने ‘माझी हरकत नाही’ म्हणेल. पिणाऱ्यांनी स्वतःचं सांगायचं: वर्षभरात झोप कशी झाली, पैसा किती वाचला, पुढे काय करणार. मुदत वाढवायची तर नवी तारीख लिहायची.

आमच्या बैठकीत मामांनीच विचारलं, “मग आता रविवारी आणू का थोडी?” कोणी उत्तर देईना. दादा म्हणाला, “मामा, तुम्ही जेवायला या.” मामा अजून येतात. अकराला येतात, जेवतात, दोनच्या बसने अक्कलकोटला परत जातात.